अनुभव धागा : पुण्याहून एका दिवसात जंगलातला धबधबा आणि पोहायला कुंड

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी ताम्हिणीच्या खाली, भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्याचे फोटो टाकले आणि तासाभरात "आम्ही पण" म्हणणाऱ्यांची रांग लागली. चाळिशीतली जोडपी, आठवी-नववीतली मुलं आणि एक सासूबाई. (त्या आम्हा सगळ्यांपेक्षा टणक आहेत, त्यांची काळजी नाही.) सगळ्यांना थोडं जंगलातून चालायचंय आणि शेवटी पाण्यात डुंबायचंय. आयोजन अर्थातच माझ्या गळ्यात. 'निसर्गाचा अविष्कार' छापाचे लेख ढिगानं वाचले, पण त्यात पाय कुठे घसरतो ते कुणी लिहीत नाही. तुम्ही देवकुंडला किंवा अशाच ठिकाणी गेला असाल तर लिहा. कधी गेलात, मुलं होती का, पाण्यात उतरलात का?

*

आधी महिना ठरवा, मग माणसं मोजा. त्या फोटोंत पाणी निळं-हिरवं आहे ना? मग ते पावसाळ्यातले नाहीत. जुलै-ऑगस्टात कुंड गढूळ असतं, तुषारांनी डोळे उघडवत नाहीत, आणि गेली काही वर्षं त्या दिवसांत तिथे मनाई आदेशही निघत आलेत. दसरा उलटला की पाणी निवळतं. दिवाळीनंतर ते डिसेंबर हा खरा हंगाम. धबधब्याची सोंड तोवर बारीक होते. ते चालवून घ्या.

रस्ता : चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट उतरून विळे, तिथून पाटणूसवरून भिरा. चांदणी चौक सहाच्या आत सोडा. नाष्टा पौडच्या अलीकडे उरकून घ्या, घाटात "इथे थांबू, तिथे थांबू" करत तास जातो. भिऱ्यातून वाट आधी धरणाच्या पाण्याच्या कडेनं जाते, मग रानात शिरते, ओढे ओलांडावे लागतात. मुलांच्या पावलानं दोन तास धरा. गावातला वाटाड्या घ्याच.

मुलांना सांगायला एक : भिऱ्याचं टाटांचं वीजकेंद्र १९२७ सालचं आहे. वर मुळशीला अडवलेलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली आणून तिथे वीज होते, आणि वीज करून सोडलेल्या पाण्यावरच पुढे कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग चालतं.

*

मी मूळचा त्याच पट्ट्यातला, आता नोकरीला हिंजवडीत. पुण्याची मंडळी डोक्यावरचं आभाळ बघतात, आम्ही घाटमाथ्यावरचं बघतो. खाली लख्ख ऊन असतं आणि वर कोसळत असतं. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीला २४ तासांत ५५६ मिलिमीटर पडला होता. ते सगळं पाणी याच ओढ्यांनी खाली येतं. सकाळी घोट्याएवढा ओलांडलेला ओढा दुपारी कमरेला लागतो, आणि तुम्ही पलीकडच्या काठावर.

पाणी वाढायच्या आधी सांगतं. स्वच्छ पाण्याला एकदम तांबूस झाक येते. पाचोळा, काटक्या वाहत यायला लागतात. आवाज जड होतो. यातलं एक जरी दिसलं तरी डबे-पिशव्या तिथेच टाकायच्या आणि माणसं वर काढायची. लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात ३० जून २०२४ ला एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. मधल्या खडकावर एकमेकांना धरून उभी होती, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. पाणी वाढलं तेव्हा ती प्रवाहाच्या मधोमध होती. खरी चूक तिथे असते, पोहता येण्या-न येण्याचा मग संबंध उरत नाही.

वाटाड्या "आज नको" म्हणाला तर त्याच्याशी घासाघीस करू नका. त्याचा रोज बुडतो तरी तो म्हणतोय, याचा अर्थ लावा.

*

वरच्यांना अनुमोदन. आता पोहण्याबद्दल, कारण "आमच्या मुलाला येतं पोहायला" हे वाक्य मी नेहमी ऐकते. टिळक तलावावर पन्नास मीटर जाणं वेगळं आणि डोहात उतरणं वेगळं. टँकमध्ये तळ दिसतो, कठडा असतो, दोन हातांवर शिट्टी घेतलेला माणूस असतो.

डोहात पहिला दगा नजरेचा. नितळ पाणी वरून बघताना खरं आहे त्याच्या साधारण पाऊणपटच खोल दिसतं. बारा फूट असेल तर नऊ वाटेल. दुसरा दगा धारेचा. धबधबा जिथे पडतो तिथे पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असतात, असं फेसाळ पाणी अंगाला नीट उचलून धरत नाही. शिवाय पडणारं पाणी तळाशी जाऊन परत धारेकडे ओढतं. म्हणून धारेखाली जायचंच नाही, फोटोसाठी तर नाहीच. कुंडाच्या बाहेरच्या कडेला, तळ पायाला लागतो तिथे डुंबा. तिसरी गोष्ट गारठा. सूर्य उशिरा येणाऱ्या दरीत पाणी डिसेंबरात इतकं गार असतं की उडी मारताच श्वास अडकतो. आधी हात-तोंड, मग गुडघे, मग छाती. सूर अजिबात नको, खाली कातळाचे दात असतात.

लाइफ जॅकेट भाड्यानं मिळतात, पुण्याहूनच घेऊन जा आणि मापाची घ्या. मुलाच्या हनुवटीवर सरकणारं जॅकेट नसल्यासारखंच.

*

एवढं घाबरवू नका हो लोकांना! पावसाळ्यात न जाणं म्हणजे आंब्याच्या दिवसांत सफरचंद खाणं. मी तर दर पावसाळ्यात जातो, फक्त पोहायला नाही. वेल्ह्याच्या पुढे केळदला मढे घाट आहे, तिथे वरूनच धबधबा बघायचा, धुक्यात भिजायचं, कणीस खायचं. कड्याच्या टोकाशी मात्र शेवाळ असतं. तानाजी मालुसऱ्यांचं शव याच वाटेनं उमरठला नेलं, म्हणून मढे घाट, असं गावात सांगतात. डुंबायचं असेल तर हिवाळ्यात देवकुंड. दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

*

आम्ही गेल्या हिवाळ्यात दोन मुलांना घेऊन देवकुंडला गेलो होतो. जाताना मुलं पुढे पळत होती, येताना आमच्या पिशव्यांना लटकत होती. जीन्स घालू देऊ नका. भिजली की पायाला चिकटते आणि वाळतच नाही. आमच्यातल्या एकाच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या स्पोर्ट्स शूजनी पहिल्याच ओल्या कातळावर त्याला बसवलं. मागचा, शेवाळं लागलेल्या जुन्या अ‍ॅक्शनच्या बुटांमधला काका शांतपणे ओलांडून गेला. रबरी, खाचांचे तळवे लागतात, किंमत नाही.

धाकटा पाण्याबाहेर आला तेव्हा ओठ निळे आणि दात वाजत होते. कोरडा टॉवेल आणि जाड स्वेटर वरच ठेवला होता म्हणून निभावलं. बॅगेच्या तळाशी ठेवलात तर त्याच्यावर नेमके थालीपीठाचे डबे येतात. बायकांसाठी एक : कपडे बदलायला आडोसा मिळेलच असं नाही, जुना परकर किंवा मोठा पंचा सोबत घ्या.

आणि अत्तर, बॉडी स्प्रे, सिगारेट नको. वर कड्यांना आग्या मोहळं असतात.

*

थोडं विषयांतर. "लांब नको" म्हणून कुणी तळेगावजवळच्या कुंडमळ्याचं किंवा पारनेर तालुक्यातल्या निघोजचं नाव काढेल. दोन्हीकडे रांजणखळगे आहेत, नदीनं गोटे फिरवून फिरवून कातळात कोरलेले. बघायला जरूर जा, पण उतरू नका. तोंड अरुंद, आत पोट मोठं, आणि भिंत गुळगुळीत. आत गेलेल्याला धरायला काही नसतं. कुंडमळ्याला १५ जून २०२५ ला जुना पूल गर्दीनं कोसळून चार जण गेले, तो रविवार होता.

*

धागाकर्तीला : रविवार टाळा, हे वरून सुचलं. शनिवारी सकाळी भिऱ्यात नऊपर्यंत पोहोचाल तर अकराला कुंडावर. दीड वाजता पाण्यातून बाहेर, हट्ट चालणार नाही, हे मुलांना घरीच सांगा. दरीत ऊन लवकर जातं, आणि ताम्हिणीचा घाट अंधारात चढायचा नाहीये. पोहता न येणारे किती, ते निघायच्या आधी नावानिशी ठरवा. काठावर बसून नजर ठेवणारा एक मोठा माणूस नेमा, तो त्या वेळात फोनवर असता कामा नये.

*

जेवणाचं : भिऱ्यात जाताना माणसं सांगून गेलात तर परतल्यावर भाकरी-पिठलं गरम मिळतं. ऐनवेळी सांगितलंत तर मॅगी. सासूबाईंना आधी विचारून घ्या.