विषय अजून बारीक करा

अमेरिकेत शिकणाऱ्या भाचीला कॉम्पोझिशनसाठी (निबंधलेखनाच्या विषयासाठी) सहा-सात पानांचा निबंध लिहायचाय, विषय सुचवा, असं तुम्ही विचारलंय आणि त्यावर कुणीतरी ‘साथीचे रोग’ हा विषय सुचवलाय. तेवढ्या पानांत तो मावायचा नाही. त्यापेक्षा मुंबईतली १८९६ची प्लेगची साथ घ्या, त्यातही फक्त जीवाणूशास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिनची प्लेगवरची लस. मांडवीतले पहिले रुग्ण, ग्रँट मेडिकल कॉलेजातली प्रयोगशाळा, १० जानेवारी १८९७ला त्याने स्वतःलाच टोचून घेतलेली लस. एवढ्यावर निबंध आरामात उभा राहतो.

फक्त तिला एक सांगा, निबंध माहितीपर आहे, खटला चालवायचा नाहीये. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले, ठपका हाफकिनवर आला, काही वर्षांनी तो दूरही झाला. हे क्रमाने, कुणाला झोडपल्याशिवाय लिहायचं. (मोह होतो, मान्य आहे.)

विकिपीडिया नको म्हणणाऱ्यांशी मी अर्धाच सहमत आहे. मजकूर उचलू नये, पण तिथल्या लेखाखाली दिलेले संदर्भ जरूर धुंडाळावेत. आणि वाचता वाचताच पान क्रमांक टिपून ठेवायचे. संदर्भ देण्याच्या एमएलए (MLA) शैलीत कंसात लेखकाचं आडनाव आणि पान लागतं. एपीए (APA) ही दुसरी शैली मागितली असेल तर आडनावासोबत साल.