मदत हवी आहे: संस्थेच्या कामाचा खरा उपयोग होतो की नाही, हे मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यात केळापूर आणि घाटंजी तालुक्यांतल्या गावांत शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांसाठी काम करणाऱ्या एका लहान ट्रस्टचं काम मी बघते. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, देणगीदारांच्या करसवलतीसाठीचं ८०-जी, कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी, सगळं रीतसर आहे, ऑडिटही वेळेवर होतं. पैशांचा हिशोब चोख आहे. अडलंय ते कामाच्या हिशोबाशी.

आम्हाला निधी देणाऱ्या कंपनीचा वार्षिक फॉर्म आलाय. त्यात मुख्य रकाने तीन: एकूण लाभार्थी, प्रति लाभार्थी खर्च आणि प्रशासकीय खर्चाची टक्केवारी. या रकान्यांत आमचं सगळ्यात उजवं दिसणारं काम म्हणजे किराणा किट. घरात असा मृत्यू झाला की पहिल्या आठवड्यातच गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल, तिखट-मीठ पोचवतो. घरात पाच माणसं असली की पाच लाभार्थी. खर्च कमी, आकडा मोठा.

सगळ्यात डावं दिसतं ते वारस नोंदीचं काम. आमचा कार्यकर्ता मोटरसायकलवर तलाठी, मंडळ अधिकारी, तहसील असा फिरत असतो. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, घरच्यांची संमती, एकेक कागद गोळा करायचा. जमीन सासऱ्याच्या नावावर असेल तर वाटणी होईपर्यंत काहीच हलत नाही. शिवाय सरकारी एक लाखाच्या मदतीचं प्रकरण, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, आणि प्रकरण 'अपात्र' ठरलं तर पुन्हा अर्ज. या कार्यकर्त्याचा पगार आणि पेट्रोल आमच्या ताळेबंदात प्रशासकीय खर्चात जातं. म्हणजे तो जितका जास्त फिरेल तितकी आमची संस्था कागदावर वाईट दिसणार.

आणि बाया काय सांगतात? एका वहिनींनी मागच्या उन्हाळ्यात सांगितलं ते तसंच लिहिते: "ताई, तुमचा किराणा दोन महिने पुरला, उपकार झाले. पण सात-बाऱ्यावर माहं नाव चढलं असतं ना, तर मले सोसायटीनं कर्ज देल्लं असतं. आता पेरणीले पुन्हा सावकारच." त्यांच्या पदराला तेव्हा दोन लेकरं होती आणि कपाशीचं बी उधारीवर आणायचं होतं.

मेळघाटात कुपोषणावर काम करणाऱ्या एका मैत्रिणीशी बोलले. तिच्याकडे दंडाचा घेर मोजायची पट्टी आहे. सहा महिने ते पाच वर्षांचं मूल ११.५ सेंटीमीटरच्या खाली गेलं की तीव्र कुपोषित, वर आलं की सुधारणा. उपचार केंद्र नीट चाललंय का याचीही 'स्फिअर'ची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत: बरी झालेली मुलं ७५ टक्क्यांच्या वर, दगावलेली १० टक्क्यांच्या आत, मधेच सोडून गेलेली १५ टक्क्यांच्या आत. सोडून गेलेल्यांचा आकडा ते वेगळा ठेवतात, हे ऐकून मी बराच वेळ विचार करत बसले. आमच्या यादीत उरतात त्या येत राहिलेल्या बाया. ज्या लेकरं घेऊन माहेरी निघून गेल्या किंवा कामासाठी नागपूरकडे गेल्या, त्यांचं काय झालं ते आमच्या अहवालात कुठेच नसतं, आणि बहुतेक त्यांनाच आमची मदत सगळ्यात कमी पोचली असेल.

माझे प्रश्न असे:

आमच्याकडे पट्टीसारखं एखादं साधं माप असू शकतं का? पाऊस बरा झाला आणि कापसाला भाव मिळाला की सगळ्याच घरांची स्थिती सुधारते, बचत गट आणि माहेरची माणसंही आधार देतात. मग आमच्यामुळे किती फरक पडला हे वेगळं कसं काढायचं? तुलनेसाठी काही कुटुंबांना मुद्दाम मदत न देणं मला जमणार नाही, ते सुचवू नका.

दुसरं, एका सल्लागाराने बारा पानी प्रश्नावली दिली आहे. नवरा जाऊन दोन महिने झालेल्या बाईसमोर ती घेऊन बसायला माझं मन धजत नाही. कमीत कमी विचारून काम भागेल असं काही आहे का?

आणि प्रशासकीय खर्चाचं काय करायचं?

---

वैनगंगाकाठ:
ताई, गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेने डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या नेतृत्वाखाली नवजात बाळांचं जे काम केलं, त्यात ३९ गावांत घरोघरी सेवा दिली आणि ४७ गावं तुलनेला ठेवली. दोन्हीकडे जन्म-मृत्यूची नोंद सारख्याच काटेकोरपणे घेतली. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. ते संशोधन होतं, तेवढा पसारा तुम्हाला परवडणार नाही आणि गरजही नाही. पण त्यांचं माप बघा: घटना घडली की नाही आणि कधी घडली. तुमचं माप तुम्हीच लिहिलंय. मृत्यूच्या तारखेपासून बाईचं नाव सात-बाऱ्यावर चढेपर्यंत किती दिवस गेले, तेवढंच मोजा. त्यासाठी कुणाला काही विचारावं लागत नाही. फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची, नोटीस 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही दिसते. म्हणजे तुम्ही जात नाही त्या शेजारच्या गावांतल्या नोंदींना किती वेळ लागला, तेही कुणाच्या दारात न जाता काढता येईल. पाऊस आणि भाव दोन्हीकडे सारखेच असणार.

ताळेबंद:
हिशोबाच्या बाजूने सांगतो. सीएसआर नियमांत २०२१ मध्ये बदल झाला. त्यातली प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला लागू आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च त्या व्याख्येतून वगळलेला आहे. तुमचा कार्यकर्ता करतो ती सरळ अंमलबजावणी आहे. त्याला रोजची डायरी ठेवायला लावा: गाव, काम, किती तास. त्या आधारावर पगार आणि पेट्रोल प्रकल्प खर्चात दाखवा, ऑडिटरशी आधी बोलून घ्या. आणि स्वतंत्र प्रभाव मूल्यमापनाची सक्ती ज्या कंपन्यांची सरासरी सीएसआर जबाबदारी १० कोटी किंवा जास्त आहे त्यांना, तीही १ कोटी किंवा त्यावरच्या प्रकल्पांसाठी आहे. तुमचा प्रकल्प त्याच्या आत असेल तर बारा पानी प्रश्नावली कायद्याने कुणी मागितलेली नाही.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. दिवस मोजायची गोष्ट आजच कार्यकर्त्याला सांगितली. तो म्हणाला, अर्ज दिल्याची पोच सगळ्या फाइलींत आहे, म्हणजे मागच्या प्रकरणांचेही दिवस काढता येतील. प्रश्नावलीऐवजी भेटीत तीनच गोष्टी विचारायचं ठरवतेय: यंदा बी-खताला पैसे कुठून आणले, लेकरं शाळेत जातात का, आणि आमच्याकडून काय राहून गेलं. तिसऱ्याचं उत्तर आमच्या माणसासमोर कोण देणार, म्हणून ते गावच्या आशाताईंनी विचारावं असं वाटतं. यात काही अडचण दिसत असेल तर सांगा.

माहेरी गेलेल्या बायांचं मात्र अजून सुचत नाहीये. निराधार योजनेचं अनुदान ज्यांना सुरू आहे त्यांचा माग लागेल, बाकीच्यांचा नाही. गाव सोडून गेलेल्या कुटुंबांचा पाठपुरावा कुणी केला असेल, पुनर्वसनात, वीटभट्टीवर, ऊसतोडीवाल्यांत, कुठेही, तर तुमची पद्धत लिहा. फोन नंबर बदललेले असतात, हे धरून चाला.