मदत हवी आहे: कॅल्साइटच्या डिफरन्स मॅपमध्ये उरलेले शिखर कशाचे?

अर्धाअँगस्ट्रॉम: कॅल्साइटच्या (कॅल्शियम कार्बोनेटच्या) एकल स्फटिकाचे रिफाइनमेंट, म्हणजे क्ष-किरणांच्या मोजणीशी अणुरचनेचे प्रतिमान जुळवणे, संपत आले असून आर-फॅक्टर (मोजणी आणि प्रतिमान यांतील तफावत) ०.०२१ आहे, परंतु डिफरन्स मॅपमधील, म्हणजे मोजलेल्या आणि प्रतिमानातल्या इलेक्ट्रॉन घनतेच्या फरकाच्या नकाशातील, एक शिखर काही केल्या जात नाही. नमुन्यात थोडे बायकार्बोनेट असावे असे धरून तेथे हायड्रोजन ठेवला, तेव्हा आर-फॅक्टर किंचित उतरला. मार्गदर्शकांनी मात्र कारण न सांगता तो खोडून टाकला. सोमवारी अहवाल द्यायचा आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

काळापाषाण: शिखर कोठे आहे, किती उंच आहे आणि मोजणी कोणत्या किरणांनी केली, हे सांगितल्याशिवाय उत्तर कसे द्यावे?

आम्लथेंब: विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून पाहावा. कॅल्साइट थंड आम्लातही लगेच फसफसते, डोलोमाइट मात्र पूड केल्यावर किंवा आम्ल तापवल्यावरच नीट फसफसते.

अर्धाअँगस्ट्रॉम: खनिज कोणते, हा माझा प्रश्नच नाही. मॉलिब्डेनमचे किरण, खोलीचे तापमान, शिखर (०.१३, ०, ०.२५) येथे (अक्षांच्या लांबीच्या अपूर्णांकांत), उंची ०.३८ इलेक्ट्रॉन प्रति घन अँगस्ट्रॉम. कॅल्शियमला लागूनही एक लहान शिखर आहे.

पूडवाला: एवढा खटाटोप कशासाठी? पूड करून रिटव्हेल्ड पद्धत (पुडीच्या संपूर्ण क्ष-किरण आलेखाशी प्रतिमान जुळवणे) वापरावी. तांब्याच्या किरणांत २९.४ अंशांवर कॅल्साइटची मुख्य रेषा मिळाली की काम झाले.

काळापाषाण: पूडवाले, त्या रेषेने खनिज ओळखता येईल, पण अणूंमधील बंधातील इलेक्ट्रॉन घनता पाहायची तर एकल स्फटिकच हवा.

आता मूळ प्रश्न. कार्बन (०, ०, ०.२५) येथे आणि ऑक्सिजन (०.२५७, ०, ०.२५) येथे आहे. एकक कोष्ठिकेचा (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या घटकाचा) ए-अक्ष ४.९९ अँगस्ट्रॉम असल्याने त्यांच्यातील अंतर १.२८ येते आणि आपले शिखर कार्बनपासून ०.६५ वर, म्हणजे बंधाच्या जवळजवळ मधोमध पडते. हायड्रोजन कार्बनच्या इतक्या जवळ बसू शकत नाही. शिवाय सममितीमुळे ते स्थान प्रत्येक कार्बनभोवती तीनदा येते. तिन्ही जागा हायड्रोजनने भरल्यास विद्युतभाराचा मेळ कसा घालणार? नेहमीच्या रिफाइनमेंटमध्ये प्रत्येक अणू गोल धरलेला असतो, त्यामुळे बंधात सरकलेली घनता त्या प्रतिमानात मावत नाही आणि शिखर म्हणून उरते. हायड्रोजनने आर-फॅक्टर उतरला, कारण त्या घनतेला बसायला जागा मिळाली. ती घनता खरोखर मांडायची असेल तर हॅन्सन आणि कोपन्स यांचे १९७८ चे मल्टिपोल प्रतिमान (ज्यात अणू गोलच असावा अशी अट नसते) वापरावे, पण त्यासाठी कमी तापमानाला आणि मोठ्या कोनापर्यंत घेतलेली मोजणी लागेल.

जुनीवही: सी-अक्ष १७.०६ चाच घेतला आहे ना? जुन्या पुस्तकांत तो बाह्यरूपावरून याच्या चौथ्या भागाइतका धरलेला असे, म्हणून तेथे पाटनपृष्ठाचे (स्फटिक सहज फुटतो त्या पृष्ठाचे) निर्देशांकही वेगळे दिसतात. स्फटिकशास्त्रज्ञ ब्रॅग यांनी १९१४ मध्ये कॅल्साइटची रचना उलगडल्यानंतरही ती सवय बराच काळ टिकली.

अर्धाअँगस्ट्रॉम: होय, १७.०६ चाच आहे. हायड्रोजन काढला. कॅल्शियमजवळच्या शिखराचे काय?

काळापाषाण: (१०४) सारख्या (हा स्फटिकातील अणुपातळ्यांच्या एका संचाचा निर्देशांक) प्रबळ परावर्तनांची मोजलेली तीव्रता गणितापेक्षा कमी येते का, ते पाहावे. कॅल्साइटचे स्फटिक फार निर्दोष असतात, म्हणून एक्स्टिंक्शनची (प्रबळ परावर्तने स्फटिकातच क्षीण होण्याची) दुरुस्ती अनेकदा लागते.

अर्धाअँगस्ट्रॉम: कमीच येत होती. दुरुस्ती चालू करताच कॅल्शियमजवळचे शिखर गेले. बंधातले तसेच आहे.

आम्लथेंब: नमुना पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला आहे का? असल्यास एक तुकडा मिळेल का?