आईचा सेन्सर रात्री शुगर लो दाखवतोय, ग्लुकोमीटर म्हणतो नॉर्मल. खरं कुणाचं मानायचं?

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, सांभाळून घ्या.

आई ६७ वर्षांची, टाइप २ डायबेटिस, बरीच जुनी पेशंट. रात्री झोपताना ग्लार्जिन इन्सुलिन १६ युनिट आणि सकाळी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची गोळी. आईबाबा चिपळूणला, मी पुण्यात. यावेळी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) ८.४ आलं म्हणून डॉक्टरांनी दंडाला चिकटवायचा तो सीजीएम, म्हणजे सतत साखर मोजत राहणारा सेन्सर लावायला सांगितला, १४ दिवस चालणारा, मोबाइल जवळ नेला की आकडा दिसतो तो. अलार्म वाजणारा नाहीये.

तर झालंय असं की दिवसाचं सगळं छान कळतंय, म्हणजे दोन घावण्यांनी शुगर २४० ला जाते आणि तेवढ्याच वेळात नाचणीची भाकरी खाल्ली तर १८० च्या आत राहते हे आईने स्वतः डोळ्यांनी बघितलं, इतकी वर्षं आम्ही सांगून जे पटलं नाही ते त्या रेघेने पटवलं. पण रात्री दोन ते चारच्या मधे ग्राफ एकदम खाली, ५५-६० वर, लाल. जवळजवळ रोज. मग सकाळी आपोआप वर.

आता आईने धसका घेतलाय. मधे जाग आली की मोबाइल दंडाला लावते, आकडा लाल दिसला की साखर खाते, आणि सकाळी उपाशीपोटी २१०! वर म्हणते "रात्रीचं इंजेक्शनच नको मला." परवा बाबांनी तीन वाजता उठून बोटाला टोचून बघितलं तर सेन्सरवर ५८ आणि ग्लुकोमीटरवर ११२. घाम नाही, थरथर नाही, काही नाही. दिवसा दोन्ही आकडे दहा-पंधराच्या फरकाने जुळतात हो, मग रात्रीच काय होतं? डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, तोवर आईला काय सांगू? कुणाला असा अनुभव आहे का?

प्रतिसाद:
आई कुठल्या कुशीवर झोपतात आणि सेन्सर कुठल्या दंडावर आहे ते आधी सांगा.

धागाकर्ता:
अरे बापरे, डाव्या कुशीवर. अ‍ॅसिडिटीसाठी तसंच झोपायला सांगितलंय. आणि सेन्सरही डाव्याच दंडाला आहे, उजव्या हाताने लावायला सोपा म्हणून.

प्रतिसाद:
मग बहुतेक तेच. माझी मुलगी टाइप १ आहे, आमच्याकडे हे नेहमीचं. सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही, कातडीखाली पेशींच्या मधे असलेल्या द्रवातली मोजतो. दंड अंगाखाली दाबला गेला की तिथला प्रवाह कमी होतो आणि रीडिंग खोटं खाली येतं, याला कंप्रेशन लो म्हणतात. ग्राफ नीट बघा, अशा वेळी रेघ कड्यावरून पडल्यासारखी सरळ खाली येते आणि कूस बदलली की तशीच झटकन वर. इन्सुलिनने खरी लो होते तेव्हा सहसा उतार हळूहळू असतो.

पण म्हणून रात्रीची लो खोटीच असं धरून बसू नका हां, ग्लार्जिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही चालू असताना खरी लो होऊ शकते, त्यात वय ६७. एकदोन रात्री तीन वाजता बोटाची टेस्ट करा आणि दोन्ही आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. ७० च्या खाली खरंच असेल किंवा घाम-थरथर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत टेस्ट. तीही बोटाचीच, कारण शुगर भराभर बदलत असते तेव्हा सेन्सर पाच-दहा मिनिटं मागे असतो, तेवढ्यात माणूस घाबरून अजून साखर खातो. इंजेक्शन मात्र मनाने बंद करू देऊ नका.

आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याने काही सेन्सर उलट जास्त दाखवतात.

धागाकर्ता:
खूप आभार! ग्राफ आत्ता परत बघितला, अगदी कडाच आहे. रात्री दहाला झोपून सकाळी सातला मोबाइल लावला तर सुरुवातीचा तुकडा गायब असतो तो का?

प्रतिसाद:
त्या प्रकारच्या सेन्सरमधे आठ तासांचाच डेटा साठतो. रात्री बाथरूमला उठल्या की एकदा मोबाइल लावायला सांगा, फक्त आकडा बाबांनी बघावा :)

धागाकर्ता:
हाहा, हे बेस्ट. नवीन सेन्सर उजव्या दंडाला लावतो. शेवटचा एक प्रश्न, आईच्या गुडघ्याचा एमआरआय याच महिन्यात आहे, तेव्हा चालतो का सेन्सर?

प्रतिसाद:
तुम्ही सांगताय तसला सेन्सर एमआरआयच्या आधी काढावाच लागतो, आणि काढलेला परत चिकटवता येत नाही. चार-पाच हजार पाण्यात घालू नका, आधी एमआरआय उरका आणि मग नवीन लावा.