रेफरन्सला 'संदर्भ' म्हणायचं काय?

टिळकवाडीकर: पोरांना पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवालोय. रेफरन्सला 'संदर्भ' म्हणून सांगितलं तर एक पोरगी विचारती, सर कशाचा संदर्भ? बरोबरच आहे की तिचं, संदर्भ म्हटलं की 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' आठवतंय. दुसरा शब्द सुचवा.

निपाणीकर: पत्ता म्हणा की सरळ.

टिळकवाडीकर: पत्ता सी भाषेतल्या पॉइंटरला शोभतोय, तिथं खरंच मेमरीचा नंबर हातात येतोय आणि एक वाढवला की अ‍ॅरेतलं, म्हणजे ओळीनं ठेवलेल्या व्हॅल्यूंच्या यादीतलं, पुढचं घर. पीएचपीत तसं काय नाही, एकाच व्हॅल्यूला दोन नावं एवढंच.

खानापूरचा: मग टोपणनाव! घरात बाळू, हजेरीत दुसरंच नाव, पण बाळूला ताप आला की हजेरीतल्याला पण आलाच. आपलं गावच बघा की, 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदावर बेळगावी, आपल्या तोंडात बेळगाव, वाद कितीबी घाला, रस्त्यात खड्डा पडला की दोन्हीत पडतोय 😀 कॉपी म्हणजे उताऱ्याची झेरॉक्स, तिच्यावर पेनानं काय लिहिलं तर मूळ उताऱ्यावर उमटत नाही.

टिळकवाडीकर: टोपणनाव भारी! माझा फी-यादीतला घोळ पण ह्याच्यानंच समजतोय. समजा अ‍ॅरेत 1, 2, 3. फोरईच, म्हणजे एकेक घर घेऊन फिरणारा लूप, व्ही ह्या नावाला अँडचं चिन्ह (&, म्हणजे रेफरन्स) लावून फिरवला, लूप संपला तरी व्ही हे शेवटच्या घराचं टोपणनाव म्हणून चिकटूनच राहतंय, मग तेच व्ही घेऊन दुसरा साधा फोरईच फिरवला की दर फेरीची व्हॅल्यू त्या शेवटच्या घरात जाऊन पडती, आधी 1, मग 2, आणि तिसऱ्या फेरीला तिथं 2 च सापडतोय. हाती राहिलं 1, 2, 2. शेवटच्या पोराच्या नावावर त्याच्या अगोदरच्याची फी, पालक दारात! दोन लूपच्या मधी व्ही अनसेट करायचं, नाव पुसतंय, घर राहतंय.

निपाणीकर: पायथन भाषेला मात्र हे टोपणनाव बसत नाही हां. तिथं दुसऱ्या नावाला नवीन लिस्ट दिली की पहिलं जाग्यावरच, आतलं घर बदललं तरच दोघांना दिसतंय. त्याला 'चिठ्ठी' म्हणा, काढून दुसऱ्या डब्याला डकवता येती.

खानापूरचा: आणि अ‍ॅरेतल्या एलिमेंटला घरच बरं, 'घटक' म्हटलं की सायन्सचा पेपर वाटतोय. फक्त पहिलं घर शून्य नंबरचं हे बेळगावच्या टिळकवाडीत कोण ऐकणार? तिथं रेल्वे गेट पण पहिलं, दुसरं, तिसरं असंच मोजत्यात.