गुरुजींचा सत्कार करा, पण आजच्या शिक्षकांना टोमणे कशाला?

ऐरोलीच्या बाई

आपल्या भागातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या पंच्याहत्तरीची पोस्ट परवापासून सगळीकडे फिरतेय. जिल्हा परिषदेची नोकरी, गावातलं वाचनालय, रात्रीचे प्रौढ शिक्षणाचे वर्ग, पतपेढी, जमीन गेलेल्यांच्या साडेबारा टक्के भूखंडांच्या फायली. सगळं खरं आहे आणि गुरुजींबद्दल मला आदरच आहे. पण शेवटची ओळ अशी: "गुरुजींनी नोकरी नाही, सेवा केली, आजचे मास्तर घड्याळ बघून पगार घेतात." ही ओळ झोंबली, म्हणून लिहितेय.

मी एका अनुदानित शाळेच्या प्राथमिक विभागात शिकवते. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे पगाराऐवजी ठरावीक मानधनावर काढली. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं ६,००० मानधन १६,००० व्हायला २०२३ साल उजाडावं लागलं. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागले, म्हणून गुरुजींना मिळतं ते जुनं पेन्शन मला नाही. मी लागले तेव्हा टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, नव्हतीच, पण १ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, नाहीतर घरी. आता रात्री मुलांच्या वह्या तपासून झाल्या की मी स्वतः अभ्यासाला बसते.

शिवाय यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, पोषण आहाराच्या नोंदी, आधार न जुळणाऱ्या मुलांच्या याद्या. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. पण निवडणूक म्हणजे मतदानाचे दोन दिवस नव्हेत, बीएलओचं, म्हणजे घरोघरी मतदारयाद्या तपासण्याचं काम वर्षभर चालतं. याद्या घेऊन सोसायटीच्या गेटवर उभी राहते तर वॉचमन आत सोडत नाही. हे लोकांचंच काम आहे ना? मग याला सेवा का म्हणत नाही कोणी?

त्याच पोस्टमध्ये कौतुकाने लिहिलंय की गुरुजी वर्गाला पाढे लिहायला लावून गावकऱ्यांबरोबर कचेरीत जायचे. मी उद्या तसं केलं तर पालकांच्या ग्रुपवर लगेच फोटो येईल. आणि यायलाच हवा. शिक्षकाने गावाचं पुढारपण करावं की वर्ग सांभाळावा, याचं उत्तर द्या आणि मग आम्हाला घड्याळ दाखवा.

घणसोली गावठाण

बाई, राग समजला. पण कचेरीत कशाला जायचे ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगतो.

माझ्या वडिलांना सही येत नव्हती. नवी मुंबईसाठी जमीन गेली, हातात भूसंपादनाच्या अ‍ॅवॉर्डची नक्कल आली, ती वाचणारं घरात कोणी नाही. पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत, त्यातून पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी कापून हातात पावणेनऊ. त्यासाठी जुने सातबारे, वारस दाखले, आत्यांच्या संमती. एजंट कुलमुखत्यारपत्र तयार करून दारात उभे. वडील अंगठा उठवणार तेवढ्यात गुरुजी आले. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "यात तू भूखंडच लिहून देतोयस." आज मी ज्या घरात बसून हे टाइप करतोय ते त्या एका वाक्यावर उभं आहे.

जानेवारी १९८४ मध्ये उरणला जमीन गेलेल्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे सरकार हललं. आमचे नेते दि. बा. पाटलांनी लढा दिला हे आता नवी मुंबईच्या विमानतळाच्या नावामुळे सगळ्यांना माहीत झालं. पण लढ्यात मिळालेलं घराघरात पोहोचवलं कोणी? गावोगावच्या अशा मास्तरांनी. गावात शिकलेला माणूसच एक होता. तो पाढे घेत बसला असता तर पोरांना पाढे आले असते आणि घर गेलं असतं.

चौथीवाला

पाढेही आले नाहीत.

मी गुरुजींच्या वर्गात होतो. घणसोलीकरांचं घर वाचलं याचा आनंद आहे, पण त्याची किंमत आम्ही दिली. गुरुजी गेले की मॉनिटर हातात पट्टी घेऊन बसायचा. अपूर्णांक मला पाचवीत ठाण्याच्या शाळेत गेल्यावर पहिल्यांदा दिसले, आणि तिथल्या सरांनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, कुठल्या शाळेतून आलास रे? तो दिवस मी विसरलेलो नाही. चौथीच्या स्कॉलरशिपला आमच्या वर्गातून कोणी बसलंच नाही. ज्यांच्या घरी शिकवायला कोणी होतं ते तरले. बाकीचे नाक्यावर.

मोठा माणूस म्हणा, हरकत नाही. आदर्श शिक्षक म्हणू नका.

घणसोली गावठाण

नापास होणारे सगळ्या वर्गांत होते. पंच्याहत्तरीला आलेल्या म्हाताऱ्या माणसावर तोंडसुख घेताना थोडी तरी लाज बाळगा. तुमच्या वडिलांचा अर्ज कोणी भरला ते घरी विचारा आधी.

चौथीवाला

विचारायची गरज नाही, गुरुजींनीच भरला. म्हणून गप्प बसायचं का? त्यांनी उपकार केले म्हणून मी माझं बालपण खोटं सांगू?

नौपाडा

दोघेही जरा थांबा. शिक्षकाचं पुढारपण ही काही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. ठाण्याचे दोनदा खासदार झालेले राम कापसे मराठीचे प्राध्यापक. मधु दंडवते पदार्थविज्ञान शिकवायचे, १९७७ साली रेल्वेमंत्री झाले. आणि साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते. चळवळीची हाक आली तेव्हा राजीनामा देऊन गेले, हजेरीपटावर सही करून नाही. मला हा फरक फार मोठा वाटतो.

दुसरा रस्ताही आपल्याच जिल्ह्यात होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये, तोवर हा ठाणे जिल्हाच. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची. गुरं राखायला गेली तर कुरणावर न्यायची. आधी आंघोळ, खाऊ, मग अक्षर. त्यांना समाजकार्यासाठी वर्ग सोडावा लागला नाही, कारण वर्ग हेच त्यांचं समाजकार्य होतं.

आणि शिक्षकांचा आवाज हवा म्हणून तर घटनेने विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघ दिलाय. शिक्षकांनी तिथून बोलावं.

मुरबाडचा प्राथमिक

शिक्षक मतदारसंघाचं नाव काढलंत म्हणून बोलतो, नाहीतर वाचूनच सोडणार होतो.

घटनेचं कलम १७१ नीट वाचा. माध्यमिकपेक्षा खालच्या शाळेत शिकवणाऱ्याला मत नाही. आमची संख्या जास्त, वाडीवस्तीवर आम्ही, बीएलओ आम्ही, लसीकरणाला लोक गोळा करायला आम्ही, आणि "शिक्षक आमदार" निवडायला आम्ही शिक्षक नाही! ज्या गुरुजींचा सत्कार चाललाय त्यांनीही जन्मभरात एकदाही त्या मतपत्रिकेला हात लावला नसेल. पुढारपण चालतं, मत चालत नाही.

नौपाडा

हे मान्य, अन्याय आहे. पण घटनेतली तरतूद आहे, बदलायला संसदेचा कायदा लागेल.

मुरबाडचा प्राथमिक

घटनेत शंभरावर दुरुस्त्या झाल्यात, या एका कायद्यासाठीच अडलंय?

कोपरखैरणे सेक्टर

मी शिक्षक नाही, पालक आहे. माझं मत उलटं आहे: हा मतदारसंघच बंद करा. डॉक्टरांना वेगळा आमदार नाही, नर्सना नाही, सफाई कामगारांना नाही. शिक्षकांनाच का? उमेदवार स्वतः शिक्षक असावा असंही बंधन नाही. कोकण विभागाच्या जागेत ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग एकत्र. डहाणूच्या आश्रमशाळेपासून सावंतवाडीच्या कॉलेजपर्यंत एक आमदार. तो कोणाचा आवाज होणार? शेवटी बोलणं होतं ते पगार, पेन्शन आणि अनुदानाच्या टप्प्यांवर. माझ्या मुलीला गणिताला सहा महिने बाई नव्हत्या, त्यावर कोण बोललं?

ऐरोलीच्या बाई

सहा महिने बाई नव्हत्या कारण भरतीच नव्हती, आणि भरतीवर बोलतात ते शिक्षक आमदारच. पगार-पेन्शनवर बोलणं हे काय पाप आहे? मार्च २०२३ मध्ये आम्ही संपावर गेलो तेव्हा हेच ऐकलं. पोट भरलेल्या शिक्षकानेच सेवा करावी असं नसतं, पण उपाशी राहूनच करावी असंही नसतं.

दहावीचे सर, कळवा

मी या मतदारसंघाचा मतदार आहे. आतली गोष्ट सांगतो. दर वेळी यादी नव्याने होते, नमुना १९ हा नोंदणीचा अर्ज पुन्हा भरायचा, सहा वर्षांत तीन वर्षं शिकवल्याचा मुख्याध्यापकांचा दाखला जोडायचा. मग मतपत्रिकेवर १, २, ३ असे पसंतीचे आकडे, तेही केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच. खिशातलं पेन वापरलं की मत बाद. जन्मभर लाल पेनने मार्क देणारे आमचे लोक तिथे चुकतात आणि मतं बाद होतात. त्यात विनाअनुदानित शाळेतला मास्तर दाखला मागायला घाबरतो, कारण संस्थाचालकाचा उमेदवार वेगळा असतो. प्राथमिकला मत द्या म्हणता ते योग्यच, पण आहे त्यांचं मत तरी मोकळं आहे का?

मुरबाडचा प्राथमिक

म्हणजे तुम्हाला नीट वापरता येत नाही म्हणून आम्हाला देऊ नये?

दहावीचे सर, कळवा

असं कुठे म्हटलं मी? वाक्य परत वाचा. माध्यमिकवाल्यांनी काहीही म्हटलं की प्राथमिकवाले अंगावर येतात, म्हणून तर दोघांच्या संघटना एका मांडवात बसत नाहीत.

मुरबाडचा प्राथमिक

मांडव तुमचा, सतरंज्या आम्ही घालायच्या. पुरे झालं.

खारेगाव

इतका वेळ वाचत होते. माझे वडीलही असेच गुरुजी होते, आणि आई त्याच शाळेत बाई. दोनशिक्षकी शाळा. वडील ग्रामसभेला, रस्त्याच्या अर्जाला, दारूबंदीच्या मोर्चाला जायचे. त्यांच्या दोन्ही वर्गांची मुलं आईच्या दोन वर्गांत येऊन बसायची. चार इयत्ता, एक बाई, एक फळा. तिने फळ्याचे चार भाग केले होते. शाळा सुटली की घरी वडिलांकडे आलेल्या लोकांचा चहा.

त्या शाळेतली मुलं शिकली. कोणी तलाठी झालं, कोणी नर्स. सगळे वडिलांच्या पाया पडायला येतात. सत्कारात वडिलांना मानपत्र आणि शाल मिळाली, आईला ओटी भरून साडी. मानपत्रात तिचं नाव "सौभाग्यवतींची मोलाची साथ" एवढंच. तीही त्याच पदावर, त्याच पगारावर होती.

वडिलांचं काम खोटं नव्हतं. रस्ता झाला, दारूचा गुत्ता बंद झाला, मला त्यांचा अभिमान आहे. पण "पुढारपण की वर्ग" असं तुम्ही विचारता तेव्हा माझं उत्तर एवढंच की आमच्या शाळेत दोन्ही झालं, कारण वर्ग आईने घेतला. चौथीवाला, तुमच्या शाळेत ती दुसरी बाई नसावी.

चौथीवाला

नव्हती. एकशिक्षकी शाळा होती. हे मी कधी या बाजूने पाहिलं नव्हतं. दुसरा शिक्षक देणं गुरुजींच्या हातात नव्हतं, एवढं मानतो. पण अपूर्णांक मला आले नाहीत, हेही तसंच राहतं.

घणसोली गावठाण

एकशिक्षकी होती हे बरोबर. दुसरा शिक्षक द्या म्हणून गुरुजींनीच अर्ज केले होते, तेही त्याच कचेरीत. तरी तुम्ही म्हणता तसं झालं असेल, मी तेव्हा शाळेत नव्हतो. लाज वगैरे म्हटलं ते जास्त झालं.

बाई, मी सत्काराच्या समितीत आहे. घड्याळाची ओळ पोस्टमधून काढायला सांगतो, मानपत्रातही येणार नाही. पण तुम्ही मानत नसलात तरी मला वाटतंच की आताचे शिक्षक गावात राहत नाहीत आणि त्यामुळे गाव त्यांना ओळखत नाही.

ऐरोलीच्या बाई

गावात राहायला घरभाडं परवडलं पाहिजे, दादा. तुमच्याच चाळीत खोलीला किती मागता ते सांगा. ओळ काढताय हे चांगलं केलंत. गुरुजींच्या पत्नी हयात असतील तर त्यांना स्टेजवर खुर्ची द्या आणि त्यांच्याबद्दल कोणीतरी वेगळं बोला. ते कराल तर मी येईन, वर्गातली दोन मुलंही आणीन.

मुरबाडचा प्राथमिक

आणि प्राथमिकच्या मताचा ठराव घ्या त्या कार्यक्रमात. मसुदा मी पाठवतो.

कोपरखैरणे सेक्टर

सत्कारात ठराव कसला? आणि माझा मुद्दा तसाच आहे, मतदारसंघच नको.

दहावीचे सर, कळवा

त्यासाठी वेगळा धागा काढा. मी येतो तिकडे.