हार्ड डिस्क गेल्यावर फायली नव्या डिस्कवर कशा आणायच्या? (अनुभव धागा)

मंडळी, डिस्क बिघडल्यावर फोटो, कागदपत्रं, हिशेब नव्या डिस्कवर नेताना नेमकं काय करावं लागतं आणि कुठे अडतं, ते इथे लिहा. केबल, प्रोग्रॅम, लागणारा वेळ असं सगळं तपशिलात येऊ द्या.

*

आधी आवाज ऐका. लयीत टक-टक येत असेल तर बहुधा हेड (तबकडीवरचं वाचणारं-लिहिणारं टोक) गेलंय. लगेच वीज तोडा, नाहीतर हेड तबकडीवर घासून उरलेलंही जातं. ते काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला मात्र कृपा करून ऐकू नका, आत दव धरतं.

आवाज नसेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ०५, सी५, सी६ या क्रमांकांसमोरचे आकडे बघा, ते खराब सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) मोजतात. ते वाढत असतील तर पृष्ठभाग खराब होतोय. फक्त सी७ (केबलवरून येताना झालेल्या चुका) वाढत असेल तर आधी डिस्क जोडणारी साटा केबल बदला.

*

३.५ इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते साध्या यूएसबीतून मिळत नाहीत. वेगळा अडॅप्टर असलेलीच साटा-यूएसबी केबल घ्या. लॅपटॉपच्या २.५ इंचीला यूएसबीचे ५ व्होल्ट पुरतात. विंडोजने 'फॉरमॅट करू का' विचारलं तर नाही म्हणा. चेकडिस्क या विंडोजच्या तपासणी प्रोग्रॅमची दुरुस्तीही नको, ती त्याच आजारी डिस्कवर लिहिते.

*

वरच्याला +१. दुरुस्ती प्रतीवर करायची, मूळ डिस्कवर कधीच नाही.

लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता थेट चालणारं लिनक्स) जीएनयू डीडीरेस्क्यू हा बिघडलेल्या डिस्कची प्रत काढणारा प्रोग्रॅम चालवा. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. पहिल्या फेरीत 'एन' पर्याय द्या, म्हणजे खराब जागा खरवडत न बसता सहज निघणारं आधी निघतं. दुसऱ्या फेरीत 'डी' (थेट डिस्कवरूनच वाचणं) आणि 'आर ३', म्हणजे राहिलेल्या सेक्टरवर तीनदा प्रयत्न. मॅपफाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) द्याच आणि ती तिसऱ्याच पेनड्राइव्हवर ठेवा. लाइव्ह लिनक्सच्या मेमरीत ठेवलेली फाइल वीज गेली की जाते. मॅपफाइल असेल तर काम थांबलं तिथून पुढे सुरू होतं.

आज्ञेत जुनी डिस्क आधी, नवी नंतर. उलट झालं तर कोऱ्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर उतरते! एसडीए-एसडीबी ही लिनक्सने डिस्कना दिलेली नावं रीबूटनंतर बदलू शकतात, म्हणून सीरियल नंबर डिस्कवरच्या लेबलशी ताडून बघा.

*

डिस्क नीट वाचली जात असेल तर विंडोजचा रोबोकॉपी पुरे. पण एरवी तो अडलेल्या फाइलवर १० लाख वेळा प्रयत्न करतो, दर वेळी ३० सेकंद थांबून. आर:१ आणि डब्ल्यू:१ द्या, म्हणजे एकदाच पुन्हा प्रयत्न, एकच सेकंद थांबून. एक्सजेही द्या, नाहीतर जंक्शनमध्ये (दुसऱ्या फोल्डरकडे वळवणाऱ्या दुव्यांत) गोल गोल फिरतो. यूएसबी २.० वर सेकंदाला ३० एमबी धरा, ५०० जीबीला साडेचार तासांच्या वर लागतात.

*

फायली आल्या म्हणजे मराठी आलं असं नाही. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा युनिकोडपूर्व फॉन्टमधली पत्रं नव्या मशीनवर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतात. फाइल बिघडलेली नसते, फॉन्ट नसतो. जुन्या डिस्कवरच्या विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डर अख्खं उचला.

फाइलची नावंही अडतात. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल-पद्धतीत नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजतात. 'ज्ञानेश्वरी' म्हणजे ११ चिन्हं, ३३ बाइट. ८५ चिन्हांपुढचं नाव विंडोजच्या एनटीएफएसवर चालतं, इथे कॉपीच होत नाही.

*

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर ४८ अंकी की आधी शोधा. क्रोमचं फोल्डर उचलून पासवर्ड येत नाहीत, ते जुन्या विंडोज खात्याच्या कुलपात असतात.

*

डीडीरेस्क्यू वापरणाऱ्यांसाठी: जे सेक्टर वाचले गेले नाहीत तिथे प्रतीत काहीच लिहिलं जात नाही. फाइलचा आकार बरोबर दिसतो, फोटो उघडतो, पण खालचा अर्धा भाग राखाडी. त्याच प्रोग्रॅमच्या फिल-मोडने त्या जागांवर एखादा ओळखीचा शब्द भरा. हे प्रतीवरच, ती माउंट करण्याआधी (फायली बघायला जोडण्याआधी). मग ग्रेप या शोधणाऱ्या आज्ञेने तो शब्द शोधला की फुटलेल्या फायलींची यादीच हातात येते.